भीती वयात येते तेव्हा

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी दिली. पण एक अटही घातली. विषय शास्त्रीय असला तरी चालेल, मात्र ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांना तो वाचावासा वाटला पाहिजे. केशवापुरात मुले नाहीत असे घर आम्हांस तरी ठाऊक नाही. तेव्हा ही अट म्हणजे सर्वांसाठी लिहा असेच सांगणे झाले. म्हणून आम्ही मुलांच्या भीतीविषयी लिहावयाचे ठरविले. ती कोठून येते, कोणत्या वयात तिचे रूप काय असते, आणि मेंदूत तिच्यासाठी जी यंत्रणा आहे ती वयाबरोबर कशी बदलत जाते, हा आमचा विषय. माणूस हा सस्तन प्राणी, म्हणजे आईच्या दुधावर वाढणारा प्राणी आहे. या बाबतीत उंदीर, माकड आणि माणूस यांचे कूळ एकच, हे वाचकांनी आरंभीच मान्य करावे. ज्यांना ते जड जाईल त्यांनी लेख संपेपर्यंत तरी उसनवारीने मान्य करावे.

काही वर्षांपूर्वी आठवीचा वर्ग घेऊन आम्ही धारवाडास कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात गेलो होतो. झाडांची सावली चांगली, म्हणून डबे तेथेच उघडले. समोरच्या झाडावर व त्याच्या बुंध्याशी वानरांची एक टोळी होती. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. एका मादीपासून तीन-चार हातांवर तिचे काळपट रंगाचे लहानगे पिल्लू वाळलेल्या काडीशी खेळत होते. आमच्यातील एका उत्साही विद्यार्थ्याने डब्याचे झाकण दगडावर आपटले. पिल्लू किंचाळले, उडी घेऊन आईच्या पोटाला चिकटले, आणि चिकटताक्षणीच गप्प झाले. एवढेच नव्हे, तर मान वळवून त्या झाकणवाल्याकडे मोठ्या कुतूहलाने पाहू लागले. पलीकडे वर्ष-सव्वा वर्षाचे दुसरे पिल्लू आईने दूध नाकारल्यामुळे जमिनीवर अंग टाकून आकांत करीत होते. आणि या सर्वांपासून दूर, कुंपणाच्या दगडावर, दोन तरुण नर कोणाशीच आपला संबंध नाही अशा थाटात बसले होते. आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, झाकण तर अजून त्याच्या हातातच आहे. मग पिल्लाची भीती गेली कुठे?"

त्या दिवशी आम्ही 'आईची माया' असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. उत्तर चुकीचे नव्हते, पण ते उत्तरच नव्हते. पुढे वाचन करताना ध्यानात आले की त्या मुलीने मेंदूच्या शास्त्रातील अगदी मोक्याचा प्रश्न विचारला होता.

मेंदूकडे वळण्यापूर्वी धारवाडच्या वानरांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या शेजारची ही वानरे जगाच्या प्राणिशास्त्रात प्रसिद्ध आहेत आणि आपल्यालाच त्याची वार्ता नाही. जपानच्या क्योटो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा आणि त्यांचे सहकारी १९६१ ते १९६३ या काळात धारवाडच्या परिसरातील वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास करीत होते. टोळीत बहुधा एकच प्रौढ नर, बाकी माद्या व पिल्ले; आणि बाहेर नुसत्या नरांच्या टोळ्या हिंडत असतात, हे त्यांनी बारकाईने नोंदविले. १९६२ साली त्यांच्या डोळ्यांदेखत बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला करून जुन्या नरास हाकलले, त्यांच्यापैकी एकाने टोळी ताब्यात घेतली, आणि मग टोळीतील अंगावर पिणारी पिल्ले चावून मारली. ही हकीकत १९६५ साली त्यांनी छापली तेव्हा पुष्कळांना ती खरी वाटेना. पुढे सारा हर्डी या अमेरिकन विदुषीने राजस्थानातील अबूच्या पहाडावर अशाच घटना अभ्यासल्या. असे का घडते याविषयी तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. तो येथे नको. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की वानराच्या पिल्लाच्या जगात अनोळखी नर म्हणजे खरोखरीच मृत्यू असू शकतो. तेव्हा त्या पिल्लाची भीती खुळी नव्हे. परंतु जे पिल्लू सारखेच भीत राहील ते काडीशी खेळणार कधी, झाडावर चढावयास शिकणार कधी? भिणे आवश्यक आणि न भिणेही आवश्यक, अशी ही अडचण आहे. सस्तन प्राण्यांच्या मेंदूने ती सोडविली आहे, आणि मुख्यतः ती वयाच्या हिशेबाने सोडविली आहे.

कानशिलाच्या आत, मेंदूच्या खोल भागात, उजवीकडे एक आणि डावीकडे एक, असे बदामाच्या आकाराचे दोन पुंजके असतात. त्यांस शास्त्रात अमिग्डाला म्हणतात; त्या ग्रीक शब्दाचा अर्थही बदाम असाच आहे. आपण त्यास बदामकेंद्र म्हणू. धोका ओळखणे, त्याची नोंद ठेवणे आणि शरीरास सावध करणे, ही त्याची मुख्य कामे. छातीत धडधडणे, तळहातास घाम फुटणे, पाय जागीच थिजणे, हे सर्व त्याच्या हुकुमाने होते. कपाळामागे मेंदूचा जो पुढचा भाग आहे तो या केंद्रावर देखरेख करतो. 'हा साप नव्हे, दोरी आहे' असा निरोप तो खाली पाठवितो आणि धडधड थांबते.

आता गंमत अशी की ही दोन ठाणी एकाच वेळी बांधून पुरी होत नाहीत. आपण हुबळीकर, रेल्वेच्या गावचे लोक. आपल्याला रेल्वेचाच दृष्टांत लवकर पटेल. बदामकेंद्राकडून कपाळाकडे जाणारी अप लाइन आधी टाकली जाते. कपाळाकडून बदामकेंद्राकडे येणारी डाउन लाइन मागाहून. उंदराच्या पिल्लांत हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले आहे. म्हणजे घाबरल्याची वर्दी वर पोचते, पण 'शांत हो' हा हुकूम खाली येण्याची सोय अजून अपुरी असते. मार्ग पडला तरी काम संपत नाही. चेतातंतूंवर चरबीचे वेष्टन चढावे लागते, तेव्हा त्यांतून निरोप वेगाने जातो. आणि लहानपणी भरमसाट झालेल्या जोडण्यांपैकी बिनकामाच्या छाटाव्या लागतात. माणसात कपाळामागच्या भागातील हे काम सर्वांत शेवटी, वयाच्या पंचविशीच्या आसपास पुरे होते. पाच वर्षांच्या मुलास "जरा विचार कर ना!" असे आपण म्हणतो, तेव्हा ज्या स्टेशनात अजून सिग्नल उभे राहिलेले नाहीत त्याच्या स्टेशनमास्तरास आपण सिग्नल का दिला नाही म्हणून रागावत असतो.

मग तोपर्यंत सिग्नल दाखवितो कोण? त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

न्यूयॉर्कच्या रेजिना सलिव्हन यांनी उंदरांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग या दृष्टीने फार उद्बोधक आहेत. पिल्लास पेपरमिंटचा वास द्यावयाचा आणि त्याच वेळी हलकासा विजेचा झटका. मोठा उंदीर असल्यास तो एवढ्यावरून शिकतो आणि पुन्हा तो वास आला की पळ काढतो. दहा दिवसांच्या आतले पिल्लू मात्र उलट वागते. ज्या वासाबरोबर झटका बसला त्याच वासाकडे ते सरकत जाते! त्यास वेदना होत नाही असे नाही. झटका बसताच ते अंग आक्रसून घेते. पण त्या वयात बदामकेंद्र या शिक्षणात भागच घेत नाही. आंधळे, बिळात पडून असलेले पिल्लू आईला सोडून पळणार कोठे? आई पिल्लावर पाय देते, दातांनी उचलते, कधी दुखवतेही. तरी तिच्यापासून दूर जाणे त्यास परवडणारे नाही. म्हणून निसर्गाने त्या वयापुरता भीतीचा धडा बंद ठेवला आहे. हा बंदोबस्त रक्तातील एका संप्रेरकावर अवलंबून असतो. ताण आला की मूत्रपिंडावरील ग्रंथींतून ते स्रवते. लहान पिल्लात त्याचे प्रमाण अतिशय कमी असते. ते बाहेरून टोचले, तर दहा दिवस भरण्यापूर्वीच भीती जागी होते.

दहाव्या दिवसानंतर पिल्लू हिंडू-फिरू लागते, आणि भीती शिकण्याचे दार उघडते. परंतु हे दार आणखी काही दिवस आईच्या हातात असते. मोरिसो व सलिव्हन यांनी २००६ साली दाखविले की या वयाचे पिल्लू एकटे असताना झटक्यापासून भीती शिकते. आई जवळ असली तर शिकत नाही, पूर्वीप्रमाणेच वासाकडे ओढले जाते. आईच्या नुसत्या सान्निध्याने त्याच्या रक्तातील संप्रेरक उतरते आणि बदामकेंद्र स्वस्थ राहते. पंधरा दिवसांच्या पुढे हा प्रभाव ओसरू लागतो. विद्यापीठाच्या आवारात आम्ही पाहिलेल्या पिल्लाची भीती कोठे गेली, याचा या प्रयोगांवरून अंदाज करता येतो. पोटाचा स्पर्श होताच आईने आपल्या मेंदूचे काम त्याच्या मेंदूस उसने दिले.

या प्रयोगाची दुसरी बाजू मात्र आम्हांस रात्री झोपू न देणारी वाटली. आपल्याकडे आईबाप म्हणतात, "मारले तरी काय झाले, परत आम्हालाच येऊन बिलगतो ना!" बिलगतो हे खरे. पण बिलगण्यावरून मारण्याने काही बिघडले नाही असे ठरत नाही. ज्याच्यावाचून जगता येणार नाही त्याला बिलगावे लागते, मग तो कसाही असो. एवढेच त्यावरून ठरते.

आपल्या देशातही या विषयावर मोलाचे काम झालेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक विदिता वैद्य आणि त्यांचे विद्यार्थी बालवयातील ताणाचा मेंदूवर होणारा परिणाम अनेक वर्षे अभ्यासीत आहेत. २०२२ सालचे जीवशास्त्राचे इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्या २०२० सालच्या एका प्रयोगात, उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील विशिष्ट पेशी जन्मानंतरच्या दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत औषधाने वाजवीपेक्षा जास्त उत्तेजित केल्या. नंतर काहीही केले नाही. ती पिल्ले मोठी झाल्यावर अधिक चिंताग्रस्त व लवकर हताश होणारी निघाली. तोच प्रयोग थोड्या मोठ्या वयात किंवा प्रौढपणी केला, तर तसा टिकाऊ परिणाम आढळला नाही. तेव्हा काय घडले याइतकेच केव्हा घडले याला महत्त्व आहे.

म्हणून मोठे झाल्यावर हा भाग दगडासारखा घट्ट होतो असे मात्र कोणी समजू नये. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सुमंत्र चट्टर्जी यांनी निम्हान्समधील सहकाऱ्यांसह प्रौढ उंदरांवर काम केले. दररोज दोन तास, असे दहा दिवस, उंदरास हलता येणार नाही असे जखडून ठेवले. मेंदूच्या ज्या भागात ठिकाण व प्रसंग यांची आठवण राहते तेथील पेशींच्या फांद्या आखडल्या. बदामकेंद्रात मात्र पेशींच्या फांद्या वाढल्या! पुढे एकवीस दिवस विश्रांती दिली. आखडलेल्या फांद्या पूर्ववत झाल्या. बदामकेंद्रातील वाढ तशीच राहिली. घरावरचे संकट जाऊनही घरातील माणूस दचकायचे थांबत नाही, असे आपण पाहतो. त्याला थोपट दोष देण्यापूर्वी ही फांद्यांची गोष्ट आठवावी.

कॅनडातील माँट्रियलच्या मायकेल मीनी यांचे काम अधिक दिलासा देणारे आहे. काही उंदरीण आपल्या पिल्लांस फार चाटतात, काही कमी. ज्यांना जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पुष्कळ चाटले गेले ती पिल्ले मोठेपणी शांत असतात. ताणाचे संप्रेरक त्यांच्या रक्तात चढले तरी लवकर उतरते. हे आनुवंशिक असेल अशी शंका कोणासही येईल. म्हणून त्यांनी पिल्ले बदलून पाहिली. कमी चाटणारीची पिल्ले जास्त चाटणारीच्या कुशीत दिली. पिल्ले पोसणारीवर गेली, जन्मदात्रीवर नव्हे. २००४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे सूक्ष्म कारणही दाखविले. संप्रेरकाला आवर घालणाऱ्या एका जनुकावर रासायनिक खुणा असतात; त्या चाटण्याच्या प्रमाणाप्रमाणे बदलतात आणि पुढे टिकून राहतात.

येथे आमच्या भगिनीवर्गाच्या चेहऱ्यावरील नाराजी आम्हांस कागदातूनही दिसते आहे. सगळे आईवरच का? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यास उत्तर आपल्याच मुलखातील माकडांनी दिले आहे. डोक्यावर केसांची टोपी असल्यासारखे दिसणारे, लालसर तोंडाचे जे माकड आपण धारवाडापासून दक्षिणेकडे सर्वत्र पाहतो, त्याची एक वसाहत न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या प्रयोगशाळेत होती. तेथे कॉफमन व रोझेनब्लम या दोघांनी १९६० च्या दशकात या टोपीवाल्या माकडांची आणि अग्नेय आशियातील आखूड शेपटीच्या माकडांची तुलना केली. आखूड शेपटीच्या जातीत आया एकमेकींपासून दूर बसतात आणि पिल्लू दुसरीला देत नाहीत. त्यांच्या पिल्लाची आई काढून घेतली, तर ते एक-दोन दिवस धावाधाव करी, मग गुडघ्यांत डोके घालून गोळा होऊन बसे. आपल्या टोपीवाल्या माद्या मात्र एकमेकींना खेटून बसणाऱ्या. त्यांच्यातील आई नेली की दुसऱ्या माद्या पिल्लाला पोटाशी घेत, आणि ते पिल्लू तितके खचत नसे. आमच्या घरात खाला व फूफी, शेजारच्या घरात मावशी व आत्या, यांचे काम काय, हे आम्हांस या माकडांनी जितके नीट समजावले तितके कोणत्याही ग्रंथाने नाही.

याच प्रयोगशाळेने पुढे आणखी एक प्रयोग केला, आणि आमच्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. टोपीवाल्या माकडांच्या लेकुरवाळ्या आयांचे तीन गट केले. एका गटास अन्न नेहमी सहज मिळे. दुसऱ्यास नेहमी कष्टाने, उकरून शोधावे लागे. तिसऱ्या गटास दोन आठवडे सहज, दोन आठवडे कष्टाने, असे आलटून पालटून. उपाशी कोणीच राहिले नाही. मग कोणत्या पिल्लांची आबाळ व्हावी? आपण म्हणू, दुसऱ्या गटातील. तसे झाले नाही. तिसऱ्या गटातील आयांचे लक्ष उडाले, आणि त्यांची पिल्ले बुजरी, चिकटून राहणारी, कमी खेळणारी झाली. ती मोठी झाल्यावर त्यांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात ताणाची सुरुवात करणारे रसायन इतर दोन्ही गटांपेक्षा अधिक आढळले. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. कष्ट ठरलेले असले तर आई त्यांचा हिशेब बसविते आणि पिल्लू आईचा. उद्या काय हेच ठाऊक नसले म्हणजे हिशेब बसत नाही.

हे वाचले त्या वेळी आम्हांस आमच्या हातून घडलेली एक चूक आठवली, ती सांगितली पाहिजे. पाचवीत एक मुलगा होता, दहा वर्षांचा. वडिलांची नोकरी फिरतीची, आईच्या मागे दीर्घ आजारपण. त्यामुळे तो चार महिने मिरजेस आजीकडे, दोन महिने बेळगावास मावशीकडे, पुन्हा आमच्याकडे, असा वाढला. सगळी घरे मायेची होती, हे मुद्दाम नमूद करतो. पण कोणत्या महिन्यात कोठे, हे त्याला आदल्या दिवशी कळे. वर्गात तो एक अक्षर बोलत नसे. वडील म्हणाले, "हा उपजतच भित्रा आहे सर, तुम्हीच याची भीड मोडा." आम्हीही प्रशिक्षित शिक्षक, भीड मोडण्याचा विडा उचलला. सकाळच्या प्रार्थनेनंतर साऱ्या शाळेसमोर सुविचार वाचावयास त्याला उभे केले. कागद त्याच्या हातात होता. आवाज फुटला नाही. आम्ही म्हटले, "वाचल्याशिवाय खाली उतरायचे नाही." त्याची चड्डी ओली झाली, पोरे हसली, आणि तो आठ दिवस शाळेत आला नाही.

त्या वेळी आम्हांस वाटले होते की मुलगा हट्टी आहे. त्याच्या मेंदूत काय चालले असावे याचा विचार आम्ही केला नाही, कारण तेथे वयाप्रमाणे काही बदलत असते हेच आम्हांस ठाऊक नव्हते. डिलन जी आणि निम टॉटनहॅम या अमेरिकन संशोधिकांनी मुलांच्या मेंदूची चुंबकीय छायाचित्रे घेऊन २०१३ साली दाखविले की बदामकेंद्र आणि कपाळामागचा भाग यांचे नाते वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास पालटते. त्यापूर्वी दोन्ही भाग बरोबरीने चेततात. त्यानंतर एक चढला की दुसरा त्यास उतरवितो, म्हणजे डाउन लाइनवरून गाडी धावू लागते. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक सुंदर निरीक्षण प्रसिद्ध केले. लहान मुलांस आईचे नुसते छायाचित्र दाखविले, तरी तेवढ्या वेळापुरता त्यांचा मेंदू मोठ्या मुलांच्या मेंदूसारखा काम करू लागतो. अनोळखी बाईच्या छायाचित्राने तसे होत नाही. पौगंडवयातील मुलांना आईचे छायाचित्र दाखवून असा फरक पडत नाही. त्यांना आता त्याची गरज उरलेली नसते.

अनाथालयात बालपण काढलेल्या मुलांत त्यांना निराळेच दिसले. त्यांच्यात मोठ्यांसारखी जोडणी वेळेआधीच झालेली होती. मूल एकटे पडले, सिग्नल दाखविणारे कोणी नाही, तेव्हा त्याच्या मेंदूने अर्धवट सामानावरच स्टेशन सुरू केले. ती त्याची आपल्यापरीची तडजोड. आपण एखाद्या पोरक्या मुलाकडे पाहून "किती समंजस आहे हो, वयाच्या मानाने!" असे कौतुकाने म्हणतो. आम्ही अलीकडे ते म्हणताना अडखळतो. रुमानियातील बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या एका अभ्यासात अनाथालयातील १३६ मुले निवडून त्यांतील निम्म्या मुलांना पालक कुटुंबांत ठेवले. त्यांची स्थिती सुधारली. आणि माणसांशी नाते जोडण्याच्या बाबतीत, ज्यांना वयाच्या दोन वर्षांच्या आत घर मिळाले त्यांची अधिक सुधारली. दोन वर्षांनंतर काहीच होत नाही असा याचा अर्थ नाही. पण आपली संस्था, किंवा कोणतीही संस्था, लहान मुलांसाठी वसतिगृह काढण्याचा विचार करील तेव्हा इमारतीच्या नकाशाआधी हे आकडे टेबलावर असावेत असे आम्हांस वाटते.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. नवव्या दिवशी त्याची आई, अंगात ताकद नसताना, त्याला घेऊन शाळेत आली. तिने आम्हांस बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "मी व्हरांड्यात बसते. तुमची हरकत नसेल तर." मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. पंधरा-वीस दिवस ती येऊन बसत असे. वर्गातून तिच्या ओढणीचे टोक तेवढे दिसे. त्यानंतर त्याची बहीण, सातवीतली, मधल्या सुट्टीत येऊन जाई. घरच्यांनीही एक ठरविले, की काहीही झाले तरी शाळेचे वर्ष तो हुबळीसच काढील. आम्ही त्याला काही वाचावयास सांगितले नाही. डिसेंबरात एके दिवशी हजेरी घेताना त्याच्या नावापुढे आम्ही सवयीने खूण करीत असता "हजर" असे ऐकू आले. आम्ही वर पाहिले नाही. पाहिले असते तर तो पुन्हा गप्प झाला असता.

पौगंडवयाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या वयात भावना चेतविणारे भाग जोरात असतात आणि आवरणारा भाग अजून छाटणी-बांधणीत असतो. त्यातून धाडस येते, भांडणे येतात, मित्र हेच सर्वस्व होतात. वानरांचा तरुण नर याच सुमारास आपली टोळी सोडून बाहेरच्या नरांत जातो. कुंपणावर बसलेले ते दोघे बहुधा त्याच वाटेवर होते. टोळीत राहिला असता तर प्रौढ नराने मारले असते, आणि गेला नसता तर नवी टोळी कधी लाभली नसती. आठवी-नववीचे वर्ग घेताना आम्ही हे स्वतःस रोज एकदा सांगतो. सर्वच दिवशी उपयोग होतो असे नाही.

तो मुलगा यंदा दहावीला आहे. उंच झाला आहे, मिसरूड फुटले आहे, आणि शाळेच्या फाटकाबाहेर चार-पाच मित्रांच्या घोळक्यात मोठ्या आवाजात बोलताना दिसतो. गेल्या महिन्यात त्याची आई भेटली. प्रकृती आता बरी आहे. म्हणाली, "सर, पाचवीत ज्याच्यासाठी व्हरांड्यात बसले, तो आता माझ्याबरोबर दुर्गदबैलाच्या बाजारात यायला लाजतो. चार पावले मागे चालतो, कोणी बघेल म्हणून." आम्ही तिला कुंपणावरच्या त्या दोन वानरांची गोष्ट सांगितली. ती पदराआड हसली आणि म्हणाली, "मागे चालतो, पण पिशवी तोच घेतो."